तापीशी अबोला

प्रकाशा, १९ नोव्हेंबर

मोहिनी,

पत्राच्या वरच्या टोकाला आशीर्वाद घालतात असं मंगलाबाई म्हणते. पण दिवाळी करून सुरतेला निघालीस तेव्हा तू माझ्या पाया पडली नाहीस, म्हणजे तुला तो नको असणार. म्हणून खाली घालते. वाटला तर घे, नाहीतर तिथेच राहू दे. आशीर्वाद नासत नाही.

मंगलाबाई म्हणजे आपली शेजारीण, शाळेतून रिटायर झालेली बाई. मी आपल्या बोलीत सांगते, ती शाळेच्या मराठीत उतरवते. त्यामुळे या पत्रात मी जरा शहाणी वाटेन, फसू नकोस. तू फोन उचलत नाहीस. तुझ्या आईच्या फोनवरून केला तर माझा खोकला ऐकूनच बंद करतेस. पत्राचं बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

गाडीत बसताना तू जे बोललीस ते सगळ्या गल्लीने ऐकलं. "बाबा पाण्यात उतरतील त्या दिवशी माझ्याशी बोल, आजी. तोवर नको." एवढा मोठा आवाज तुझ्या आजोबांचाही नव्हता. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, की पोरीच्या गळ्यात जोर आहे.

अबोल्याचं मला नवल नाही. तापीशी माझा अबोला तुझा बाप नऊ वर्षांचा होता तेव्हापासूनचा. आपल्या ओट्यावरून घाट दिसतो, आणि इतकी वर्षं मी तिच्याकडे पाठ करून धुणं वाळत घालते. तुला ती गोष्ट अर्धीच माहीत आहे. आज पुरी ऐक, म्हणजे भांडायला सोपं जाईल.

श्रावणातलं लाल पाणी होतं. पोरं घाटावरून उड्या मारत होती आणि तुझा बाप हेमकांत सगळ्यांत पुढे, कारण त्याच्यासारखं पोहणारं पोर गावात नव्हतं. धारेने त्याला उचललं. होडीवाल्या सुकरामच्या बापाने होडी घातली आणि पार खाली, बाभळीच्या फांदीत अडकलेला तो सोडवून आणला. माझ्या पायाशी पडून तो पाणी ओकत होता. दुसरी कोणी असती तर तिने तापीमाईची ओटी भरली असती. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून तिला शब्द दिला. पोर परत दिलंस, आता तुझं-माझं संपलं. हा जन्मभर तुझ्या पाण्याला पाय लावणार नाही, मीही लावणार नाही. लावला तर तू त्याला ठेवून घे.

तो शब्द सगळ्यांनी पाळला. तुझे आजोबा गेले तेव्हा अस्थी चुलतभावाने सोडल्या. एकुलता एक मुलगा वरच्या पायरीवर कोरडा उभा होता. लोक म्हणाले, वत्सलाबाई बोलण्याची पक्की. मला ते गोड लागलं, खोटं कशाला सांगू.

आणि आता बापाच्या पाठीला पोहणं सांगणाऱ्या नाशिकच्या डॉक्टरसाठी मी तो शब्द गिळावा असं तू म्हणतेस. मी गिळला आणि तिने ऐकलं तर? तुझ्या डॉक्टरला तापी ओळखत नाही. मला ओळखते.

बाप तुझा बरा आहे. खातो, पितो, बसतो.

आशीर्वाद. शेजारचा अंगठा माझा. वाकडा उठला आहे, तो तसाच आहे.

आजी


प्रकाशा, १७ जानेवारी

मोहिनी,

संक्रांतीचे लाडू पोचले म्हणे. म्हणे, कारण तू तुझ्या आईला सांगितलंस, मला नाही. गोड बोल असं मी मुद्दाम कळवलं नव्हतं, उगाच तुझी अडचण झाली असती.

थंडी फार आहे. पहाटे केळीच्या बागेत धूर करावा लागतो, नाहीतर पानं करपतात. तुझ्या बापालाही असा कोणी धूर केला असता तर बरं झालं असतं. पडून राहिलं की त्याची पाठ जास्त धरते, म्हणून अंधारातच जागा होतो. उठायचं म्हणजे आधी कुशीवर, मग तुझ्या आईचा, कामिनीचा हात, मग खाटेची पाटी. ऊन अंगणाच्या मध्यावर येईपर्यंत तो माणूस लाकडाचा असतो. दुपारनंतर जरा सैल होतो.

असला आजार मी जन्मात पाहिला नव्हता. काम केलं की दुखतं हे समजतं, आराम केला की दुखतं हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावं? आमच्याकडे बैलसुद्धा लंगडला की त्याला बांधून ठेवतात. मणक्याचा संधिवात असं नाव सांगून डॉक्टरने सगळं समजावलं होतं, तेव्हा तू सातवीत होतीस, माझ्या मांडीला चिकटून बसली होतीस. मी ते माझ्या परीने असं समजून घेतलं, की शेताचा राखणदारच पिऊन येतो आणि मालकाला झोडपतो, तसं अंगाची राखण करणारंच अंगावर उलटतं. इंजेक्शनने राखणदाराची दारू कमी होईल, पण पाठ हलती ठेवायची. बसून राहिला तर हाडाला हाड जुळून जाईल. चाला, ताणा, आणि पोहणं जमलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. मी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली, आणि घरी येऊन त्याची खाट पंख्याखाली सरकवली. कामिनीला सांगितलं, याला पेलाही उचलू द्यायचा नाही.

तू फोनवर पाठवलेले व्यायाम कामिनी त्याच्याकडून करून घेत होती. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला टेकवून उभं राहायचं. त्याचं डोकं काही टेकेना. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये तांब्या राहील एवढी जागा उरायची. मी आपली म्हटलं, हेमकांत, भिंत पडायला आली आहे का, एवढी धरून उभा आहेस? कामिनी हसली नाही. तोही हसला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज नको. मग रोजच आज नको.

पूर्वी त्याला माझी थट्टा चालायची. त्याची मान खाली झुकत गेली तेव्हा मीच विचारायचे, काय रे, काय हरवलंय जमिनीवर? तेव्हा तो म्हणायचा, तुझी अक्कल शोधतोय माय. आता गल्लीतली माणसंही तेच विचारतात, काय हरवलंय. आता तो उत्तर देत नाही. ओट्यावर येणंच सोडलं. दाढी आठ-आठ दिवस तशीच. कामिनी म्हणते त्याच्याशी बोलणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं.

थंडी गेली की बरा होईल. थंडीचंच आहे सगळं.

आशीर्वाद नेहमीच्या जागी.

आजी


प्रकाशा, २८ फेब्रुवारी

मोहिनी,

महाशिवरात्रीची गर्दी आता कुठे ओसरली. केदारेश्वराची रांग पार रस्त्यापर्यंत होती. गुजरातेतून गाड्या भरून लोक आले होते, आणि प्रत्येक गाडीतली एक तरी म्हातारी आपल्या ओट्यावर बसून पाणी पिऊन गेली. सगळ्यांचे गुडघे ऐकून ऐकून मला माझे गुडघे तरुण वाटायला लागले.

तुझ्या बापाचंही दर्शन झालं. म्हणजे निघाला तो दर्शनालाच. एकटा गेला. कामिनी उपासाचं करत होती, मी ओट्यावर पेंगले होते. सुकरामने त्याला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. नळावर पाय धुतले असतील. काळजीचं कारण नाही.

सुकराम चहा न घेताच गेला. यात्रेत त्याची होडी चालते, घाई असेल.

त्या दिवसापासून मी माझी खाट हेमकांतच्या खोलीच्या दाराशी घेतली आहे. तिथे वारा चांगला येतो. खोलीची आतली कडी कामिनीने काढून टाकली, गंजली होती.

एक विचारायचं होतं. तुमच्या सुरतेत तापी कशी दिसते? इथून निघालेलं पाणी तुझ्याकडेच येतं म्हणतात. मी तिच्याशी बोलत नाही आणि तू माझ्याशी. बिचारी दोघींच्या मधून गुपचूप जाते-येते. जाते म्हणायचं, येत कुठे. नदी परत येत नसते, हे मंगलाबाईने आत्ता सुधारलं.

बापाला फोन कर. माझ्याशी नको बोलूस, त्याच्याशी बोल. बराच वेळ बोल.

आजी


प्रकाशा, ५ मार्च

मोहिनी,

मागच्या पत्रात मी नळ लिहायला लावला. नळ नव्हता. मंगलाबाईचं पेन तेव्हाच थांबलं होतं, मी म्हटलं, लिही तू.

घाटावर गर्दी होती, तिकडे तो गेलाच नाही. पुढे, जिथे बॅरेजमुळे पाणी साठून संथ आणि खोल झालंय, तिथल्या काठाने उतरला. सुकराम होडीत जाळं सोडवत होता. त्याने हाक मारली. तुझ्या बापाला मान वळवता येत नाही, म्हणून तो सगळाच्या सगळा वळला, आणि त्याचं तोंड पाहून सुकरामने जाळं तसंच पाण्यात टाकून दिलं. होडीतून उडी मारून आला, त्याच्या खांद्याला धरून काठावर बसवलं. काही विचारलं नाही. विडी पेटवून दिली. हेमकांत विडी ओढत नाही, पण ओढली म्हणे.

दोन दिवस मी हे पोटात ठेवलं. मग दुपारी, कामिनी रानात गेली असं समजून, त्याच्यासमोर जमिनीवर बसले. त्याचं तोंड बघायचं तर आता खालून वाकून बघावं लागतं. थट्टा न करता कसं विचारतात ते मला येत नाही, म्हणून नुसतं विचारलं, कशाला गेला होतास रे.

तो म्हणाला, "मी कसाले गयथू, माले समजनं नही, माय."

मंगलाबाई, हे असंच लिही, शाळेचं करू नको. का गेला ते त्यालाच कळलं नव्हतं. कुठल्या बाजूला निघाला होता, ते मी विचारलं नाही, मोहिनी. माझी छाती झाली नाही. मग तो आपणच बोलला. पाण्यात पाय गेले तेव्हा पाठ गप्प झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गप्प झाली, म्हणून तो तिथेच उभा राहिला, पुढे गेला नाही.

कामिनी रानात गेलीच नव्हती. ती दारात होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. एवढंच म्हणाली, "आई, शब्द तुम्ही दिलात. पाठ यांची वाकली." आणि आत जाऊन कणीक मळायला बसली. मला तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

तुला विहिरीचं कोणी सांगितलं नसेल. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. तेव्हा त्याचं नुकतंच दुखायला लागलं होतं, आणि कशाने दुखतं ते कोणालाच माहीत नव्हतं. तो सकाळी वाकडा-तिकडा उठायचा, शेतात जायचा आणि जेवायला परत यायचा तो ताठ. डोळ्यांत चमक, तोंडात गाणं. मला वाटायचं नव्या लग्नाचं आहे. एकदा जेवताना त्याच्या केसांतून पाणी ताटात पडलं. तो रोज मळ्यातल्या विहिरीत पोहत होता, तापीचा शब्द न मोडता. कामिनीला माहीत होतं. मी म्हटलं, हाच तो वात, थंड पाण्याचा. लोहार बोलावून विहिरीला लोखंडी जाळी ठोकून घेतली.  त्यानंतर तो कधी ताठ जेवायला आला नाही.

तापीला मी शब्द दिला होता, विहिरीला नाही. ती जाळी तर माझीच होती.

आता एक गोष्ट मी रोज घोळवते. शब्द असा होता की पाण्याला पाय लावला तर तू त्याला ठेवून घे. त्याने लावला. गुडघ्यापर्यंत तिच्यात उभा होता, एकटा, आणि तिने ठेवून घेतलं नाही. उलट सुकरामला तिथेच जाळं गुंतवून बसवलं होतं. म्हणजे इतकी वर्षं शब्द धरून कोण बसलं होतं, ती की मी?

म्हणून मी लगेच शहाणी झाले असं समजू नकोस. पुराची भीती अजून आहे. पण आता घरात दुसरी भीती आली आहे, आणि तिला मान वर न करता माझ्यासमोर बसलेलं मी पाहिलं आहे.

जमलं तर ये. त्याच्यासाठी.

आजी


प्रकाशा, १६ एप्रिल

मोहिनी,

तू आलीस, दोन दिवस राहिलीस, बापाची नखं कापलीस, आईच्या कुशीत झोपलीस आणि माझ्या हातचा चहा न बोलता प्यायलीस. बरोबर केलंस. अट ती अट. लोक म्हणतील, पोरगी बोलण्याची पक्की. ऐकायला गोड लागतं, म्हणून जरा जपून राहा.

तू गेल्यावर आम्ही नाशिकला जाऊन आलो. डॉक्टर आता नवी आहे, तुझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. तिने त्याच्या पाठीचा फोटो उजेडावर लावला. मला अक्षर येत नाही, पण ऊस येतो. पेराला पेर जुळून उभा असतो ना, तसे त्याचे खालचे मणके दिसत होते. ती म्हणाली, जे जुळलं ते आता सुटणार नाही. मान आणि बरगड्या थोड्या हलतात, त्या वाचवायच्या. इंजेक्शन चालू ठेवायचं, आणि हालचाल रोज, औषधासारखी, पाण्यात उतरता आलं तर उत्तम, पण एकट्याने नाही. त्याच दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसतो, कामिनीने त्यालाही दाखवलं. त्याने गोळी दिली आणि तोही शेवटी तेच म्हणाला, याला घराबाहेर काढा, माणसांत काढा, अंग हलवू द्या. दोघांनी ठरवून सांगितल्यासारखं.

बाहेर पडता पडता मी मागे वळले आणि डॉक्टरीणबाईला विचारलं, हे आधी केलं असतं तर? विहीर होती तेव्हा? ती समोरचे कागद नीट करायला लागली. एवढं न बोलणं मला वाचता येतं.

मग मी तापीकडे गेले.

आधी देवळात विचारलं. शब्द कसा सोडवतात? तिथे म्हणाले, साडी-चोळी, नारळ, थोडी पूजा. मला ते फार सोपं वाटलं. तरी हिरवी साडी घेतली, जावं तर रिकाम्या हाताने कशाला. सकाळी घाटावर धुण्याच्या बायका होत्या. मला पायऱ्या उतरताना पाहून सगळ्यांची धुणी थांबली. भुरीबाईने माझा दंड धरला. माझ्याच वयाची आहे ती, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालेलं. म्हणाली, वत्सला, मी येऊ का बरोबर? मी म्हटलं, नको, भांडण दोघींचं आहे.

पाणी गार होतं. माझ्या पायांना ओळख पटायला वेळ लागला.

काय बोलायचं ते घरून पाठ करून गेले होते, सगळं विसरले. चुकले असं मी तिला म्हटलं नाही. तिने पोर ओढलं होतं हे मी कसं विसरू. मी म्हटलं, बाई, राग माझा होता, तो माझ्याकडे परत दे. त्याच्या पाठीवर ठेवलास तो उतरव. उतरत नसेल तर निदान तुझ्यात उभं राहू दे त्याला, पाठ गप्प होते म्हणतो. आणि ठेवूनच घ्यायचं असलं तर मी आहे, वजनालाही बरी आहे. साडी सोडली. ती थोडी पुढे गेली, वळली आणि पायरीला येऊन अडकली. भुरीबाईने काठीने ढकलून दिली. देवाचं काम असं चालतं.

तिने काही उत्तर दिलं नाही. अबोला मोडणाऱ्याने आधी बोलायचं असतं, समोरच्याने बोललंच पाहिजे असं नसतं. ते मला तापीने नाही शिकवलं, तू शिकवलंस.

वर आले आणि तिथल्याच पायरीवर बसले. त्याच पायरीवर तुझा बाप आजोबांच्या वेळी कोरडा उभा होता. बापाच्या अस्थी सोडताना पोराच्या हाताला पाणी लागू नये, हा माझा पक्केपणा. तेव्हा त्याने एकदाही वर पाहिलं नव्हतं. तेव्हा त्याची मान सरळ होती, मोहिनी. त्याला वर पाहता येत होतं.

घरी येऊन कामिनीला म्हटलं, माझ्याकडून झालं, आता तुम्ही बघा. तिने मान हलवली. सुकरामला फोन तिनेच लावला.

आजी


प्रकाशा, १२ मे

चिरंजीव मोहिनी, पोटभर आशीर्वाद.

या वेळी वरच घातला आहे, कारण तुला हे पत्र पुढे वाचायचंच आहे.

तुझा बाप पाण्यात उतरला.

तुला कळलंच असेल, आईने सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक. सुकरामने ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणली, हवा भरून, दोरीने होडीला बांधलेली. मी म्हटलं दोरी दुप्पट कर. त्याने केली, तोंडातल्या तोंडात हसला. त्याच्या बापाने काढलं होतं, आता हा घालत होता. संध्याकाळचं ऊन उतरल्यावर घाटाच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात. कामिनी साडी खोचून त्याच्या एका बाजूला, सुकराम दुसऱ्या बाजूला. मी पायरीवर, दोरीचं टोक मुठीत. होडीला बांधलेल्या दोरीचं टोक धरून मी काय करणार होते, ते मला विचारू नकोस.

पहिले काही दिवस तो नुसता उभा राहिला आणि पाण्यातल्या पाण्यात चालला. लहान पोराला चालवावं तसं. मला वाटलं होतं, पाण्यात पडला की जुना हेमकांत सुळकन पुढे जाईल. तसं झालं नाही. हात वर जाईना. मान पाण्याबाहेर काढता येईना, तोंडात पाणी गेलं, घाबरला. त्याच्यासारखं पोहणारं पोर गावात नव्हतं, हे मी तुला सांगितलं होतं ना? ते पोर आता नाही. ते मी जाळीखाली ठेवलं आणि विसरले.

पण घरात काय काय झालं ते सांगते. आधी त्याने दाढी केली. मग एका सकाळी त्याच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला आणि मी नि कामिनी दाराशी उभ्या राहून ऐकत राहिलो, भजन ऐकावं तसं. पाठ सकाळी धरतेच, दुखतंच, पण लवकर सुटते. भिंतीपाशी उभा राहतो, मी तेव्हा बाहेर जाऊन बसते, तोंड आवळून. मागच्या गुरुवारी जेवताना म्हणाला, वरणात मीठ नाही. कामिनीचे डोळे भरले. या घरात त्याने शेवटचं नाव कशाला ठेवलं होतं ते आम्हाला आठवेना. बागेत पाण्याची नळी फुटली म्हणून मजुरावर ओरडलाही, आणि मग ओट्यावर येऊन बसला. एक जण नेहमीचं बोलला, काय हेमकांतभाऊ, काय हरवलं? हा म्हणाला, "तुन्ही अक्कल."

वाईट दिवस येतात. परवा आलाच नाही पाण्यावर, भिंतीकडे तोंड करून पडला होता. कामिनी त्याच्याजवळ बसून राहिली. काल पुन्हा आला. डॉक्टरही म्हणाली होती, असंच चालेल, आलं-गेलं. मी पूर्वी हे ऐकलं असतं तर म्हटलं असतं, मग उपयोग काय. आता म्हणत नाही.

काल जे झालं त्यासाठी हे पत्र.

सुकराम म्हणाला, उलटं निजून बघू, पाठीवर. ट्यूब त्याच्या मानेखाली आणि खांद्याखाली घेतली, पाठीच्या वाकाला ती बरोबर बसली. कामिनीने कमरेखाली हात लावला. पाय आधी बुडाले, मग हळूहळू वर आले. सुकरामने एक हात काढला, मग दुसरा. कामिनीने मात्र काढला नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, झालं काहीतरी, मी पायरीवरून उतरले, एक, दोन, पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं. मग तो बोलला.

"माय, आभाय दिखी ऱ्हायनं."

आभाळ दिसत होतं त्याला. मला कसं कधी सुचलं नाही, मोहिनी? मान खाली, पाठ वाकलेली, घरात असो की रानात, इतकी वर्षं त्याला माणसांच्या चपला दिसत होत्या, बैलांचे खूर दिसत होते, स्वतःची बोटं दिसत होती. काय हरवलंय रे जमिनीवर, असं मी हसून विचारायचे. वर बगळ्यांची रांग पलीकडच्या काठाकडे चालली होती, ती तो डोळ्यांनी शेवटपर्यंत पोचवत गेला. आणि मी वरून त्याच्याकडे पाहत होते. डोळे उघडे, कपाळ सुरकुतलेलं, कानात पाणी. पाळण्यात पाहिलं होतं तसं, सरळ समोर. त्याचं तोंड पाहायला वाकावं लागत नव्हतं.

म्हातारा झाला आहे गं तो. माझं लक्षच नव्हतं.

आता तुझी अट पुरी झाली, बोलायला मी मोकळी. तरी फोन मी लावला नाही. इतका उशीर करून आलेल्या बाईने पहिल्याच घंटेला उचल म्हणावं, हे बरं दिसत नाही. तुझा बापच म्हणतो आहे, मोहिनीला पाण्यातून दाखवायचं. उद्या संध्याकाळी सुकरामच्या फोनवरून लावतील. तू उचल. मी पलीकडे पायरीवर असेन, खोकणारसुद्धा नाही.

फक्त फोन धरणाऱ्याला सांग, वरून धर म्हणावं. त्याला आभाळ दिसतं तिथून.

आजी